राशीतली धग

९ ऑगस्ट
खताची रास तापलीय! सकाळी थर्मामीटर खोचला तर काटा शेवटाला जाऊन टेकला. साठ अंशांपर्यंत ठीक — खत शिजतंय म्हणायचं. हे शिजणं नव्हे. बांबू खुपसून बाहेर काढला, तर टोक काळं.

पाइनच्या सुया, छाटलेल्या फांद्या, मेसचं खरकटं आणि ऑलिव्हच्या घाण्यावरचा तेलकट चोथा. कॉलेजच्या खताचं काम माझ्याकडे, चोथ्याची हौसही माझीच. ‘आमच्या कॉलेजातून कचरा बाहेर जात नाही’ — फाटकावरचं ते वाक्यही माझंच. आता माणसापेक्षा उंच रास झालीय. तिला लागून पाइनचं बन, आणि बनात वसतिगृह.

१० ऑगस्ट
संचालक कालेर्गिसना फोन लावला. ते बेटावर, सुट्टीत. मागे लाटा, पोराटोरांचा गोंधळ. “एवान्थिया, खत गरमच असतं ना? मग? सप्टेंबरात हरित कॉलेजच्या बक्षिसाचे परीक्षक येणारेत. अग्निशमनवाल्यांना बोलावून तमाशा करू नकोस. मला सुखानं डुंबू दे गं!”

बक्षीस म्हणे! भीक नको पण कुत्रा आवर.

त्यांच्या परवानगीशिवायही फोन करता येतो. कळतं मला. पण गेल्या वर्षी खालच्या गावातल्या मधमाशीवाल्याच्या, माश्या शांत करायच्या धुरकांड्यातून ठिणगी पडली, तर बेड्या घालून नेलं त्याला. निष्काळजीपणानं आग लावली म्हणून. मला भीती वाटते. फोन हातात घेते, ठेवते.

११ ऑगस्ट
रास उपसावी तर आत हवा जाऊन भडका उडेल. तशीच ठेवावी तर आग आतल्या आत पसरत बाहेर येईल.

सगळी मुलं आपापल्या गावी गेलीत. वसतिगृहात फक्त केतेवान — जॉर्जियाहून शिकायला आलीय — आणि तिची तान्ही मुलगी. आज गॅलरीत दुपटी वाळत घालता घालता म्हणाली, “ताई, जळका वास येतोय का हो?”

“कुणी मासे भाजत असेल.”

खोटारडी मी!

१२ ऑगस्ट
शेवटी राखणदार बार्बा-थोदोरिसला सांगितलं. सगळे त्याला बार्बा, म्हणजे काकाच म्हणतात. त्यानं राशीवर हात धरला नि झटकन मागे घेतला. “पोरी, खत केलंस की ज्वालामुखी?”

पाणी हवं, भरपूर हवं. ऑगस्टात नळाला करंगळीएवढी धार. वर टेकडीवर कॉलेजची टाकी आहे तेवढी.

“ती आगीसाठी आहे,” तो म्हणाला.

“मग हे काय आहे?” मी ओरडले.

त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. मग किल्ली दिली.

१३ ऑगस्ट
पाणी. थोडं उकरायचं, पुन्हा पाणी. वाफ तोंडावर येते, डोळे उघडत नाहीत. मनगट भाजलं. बार्बा मला सावलीत बस म्हणतो आणि स्वतः बसत नाही. सत्तरीचा माणूस!

१४ ऑगस्ट
उतरला! काटा उतरला!

टाकीत तळाला पाणी उरलंय. नळ सोडून ठेवलाय, भरेल हळूहळू. “उद्या चर्चमध्ये पानायियामातेला मेणबत्ती लाव,” बार्बा म्हणाला, “तुझ्या उंचीची. नशीब, बुटकी आहेस.”

खूप हसले. मग रडले.

१५ ऑगस्ट
मातेचा सण. चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सणाआधीचा उपास सुटला, बार्बाच्या बायकोनं बकऱ्याचं वाढलं, पुन्हा वाढलं. केतेवानची मुलगी या मांडीवरून त्या मांडीवर फिरत होती. संध्याकाळी वारा सुटला. बरं वाटलं. आज शांत झोपेन.

१६ ऑगस्ट
आग टेकडीच्या पलीकडून आली. विजेची तार तुटली म्हणतात. आमची रास गारच होती.

बंबवाल्यांनी टाकीला पाइप जोडला. दोन गुळण्या पाणी आलं, मग नुसती हवा. केतेवान मुलीला घेऊन खाली पळाली, वाचल्या दोघी. बन गेलं. वसतिगृह गेलं.

“टाकी कोणी रिकामी केली?” त्यांचा साहेब ओरडला.

बार्बा-थोदोरिस म्हणाला, “मी.”

त्याला पोलिसांच्या गाडीत बसवून नेलं. मी तिथेच उभी होते. टाकीची किल्ली माझ्याच खिशात होती.