पुसट राहिलेलं वाक्य

भाऊ, लोणावळ्याच्या बाजारात आपला फोटो स्टुडिओ कुठे होता, हे आता नव्या माणसांना सांगता येत नाही, इतकी वर्षं तुम्हाला जाऊन झाली. मी अजून कॅमेराच धरते. माहितीपट करते, चित्रणाला एकटीच जाते. प्रश्न मी विचारते, आवाज मी घेते, फोकसही मीच सांभाळते. तुमच्या वेळी निदान आपण बापलेक दोघं असायचो. उर्से गावच्या एका लग्नात पाठवणीच्या वेळी मी नवरीच्या अगदी तोंडाशी कॅमेरा नेला, तेव्हा तुम्ही खांद्याला धरून मला मागे ओढलंत. "लांब हुबी ऱ्हा. लय जवळ गेलीस की एक डोळा दिसतो, बाकी सगळं पुसट," म्हणालात. चार लोकांत बोललात म्हणून मला राग आला होता. आताच्या कॅमेऱ्यांचे सेन्सर एवढे मोठे, की अंधारात लेन्स पूर्ण उघडली तर माणसाच्या पापण्या स्पष्ट दिसतात आणि कान धूसर होतात. माणूस जरासा पुढे झुकला तरी फोकस सुटतो. म्हणून मी होता होईल तो लांब बसते, समोरच्याला भिंतीला टेकून बसवते, उजेड असला तर लेन्स थोडी मिटून घेते.

गेल्या थंडीत बेडसे गावातल्या एका मावशींकडे जात होते. भातशेती करणाऱ्या एकट्या बायकांवर काम चाललं होतं. मावशींचा नवरा वारलेला, मुलगा पिंपरीला कंपनीत. त्या दिवशी त्या चुलीपुढे बसल्या आहेत. आत अंधार आणि धूर. दिवा लावला की त्या गप्प होतात, म्हणून मी लेन्स पूर्ण उघडली आहे. धुरामुळे कॅमेऱ्याचा आपोआप फोकस भरकटतोय, तर तो बंद करून हातानेच रिंग फिरवतेय. त्या फुंकणीशी वाकल्या की पुढे, सरळ झाल्या की मागे. भाकरीचं बोलता बोलता त्या मध्येच नवऱ्याचं बोलायला लागतात. "त्यांनी जीव सोडला तवा मी लावणीत हुते. कुनी हाक न्हाई मारली. म्हनले, तेवढं खाचर हुं दे तिचं."

त्यांच्या पहिल्या शब्दांनाच माझं रिंगवरचं बोट थांबलं होतं. तुम्ही गेलात तेव्हा मी मुंबईत दुसऱ्यांच्या कॅमेऱ्यावर फोकस सांभाळायचं काम करत होते. घरच्यांनी मला कळवलं ते शूटिंग संपल्यावर. तिचं काम चाललंय, मध्ये कशाला, म्हणाले. मावशी बोलता बोलताच चुलीकडे वाकल्या होत्या, आणि मी स्क्रीन सोडून त्यांच्याकडेच बघत राहिले.

घरी येऊन पाहिलं, तर मागच्या फळीवरचे डबे लख्ख आणि मावशींचा चेहरा पुसट. दुसऱ्या दिवशी गेले आणि तेवढंच पुन्हा सांगाल का, असं विचारलं. त्या रागावल्या नाहीत. हातातलं सूप खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "एकदा सांगितलं की गं. किती येळा मारायचं त्यांना?" मग मी कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही.

संकलन करणाऱ्याने ते वाक्य काढून टाकायला सांगितलं, चेहरा दिसत नाही म्हणून. मी ठेवलं. बेडशाच्या शाळेत माहितीपट दाखवला तेव्हा मावशी पुढेच बसल्या होत्या. ते वाक्य आलं तसा त्यांनी पदर तोंडाला लावला. त्या पुसटपणाबद्दल गावात कुणीच काही बोललं नाही. तुम्ही असता तर बोलला असता. त्या गर्दीत मी तेवढ्याचीच वाट बघत होते.

कुसगावच्या खोलीत बसून हे लिहितेय. पाठवायला पत्ता नाही, आणि वाचून दाखवावं असं घरात कुणी नाही. काम संपून बरेच दिवस झाले, तरी परवा पुन्हा बेडशाला गेले. मावशींना म्हटलं, थोडा आवाज घ्यायचा राहिलाय. त्यांनी काही न विचारता चहा टाकला. आवाज काही घ्यायचा नव्हता, भाऊ.