मटणाच्या दुकानातलं भांडण

आप्पा, परवा मटणाच्या रांगेत उभा होतो. पुढचा म्हातारा मटणवाल्याशी हाडांवरून हुज्जत घालत होता, दोघंही बेंबीच्या देठापासून ओरडत होते. मला ऐकवेना. रिकामी पिशवी घेऊन घरी आलो आणि बायकोला सांगितलं, दुकान बंद होतं.

मी लहान असताना रविवारी सकाळी तुम्ही मला घेऊन निघायचात. लोकांना वाटायचं, पोरगं आंधळ्या बापाला नेतंय. खरं तर रस्ता तुम्हीच काढायचात, मी नुसता पिशवीचा धनी. दुकानात तुम्ही तुकडा बोटांनी दाबून बघता आणि सुरू होता, "हे बोकड हाय का बोकडाचा आजा?" मटणवालाही काही कमी नाही. "आप्पा, देवानं डोळं काढून घेतलं आणि सगळी ताकद जिभंत घातली व्हय?" रांग हसते, तुम्ही सगळ्यांत मोठ्यानं हसता. एकदा रांग लांब होती आणि मला भूक लागली होती. मी ओरडलो, "आमचे वडील आंधळे आहेत, आधी द्या की!" तुम्ही कान धरून मला बाहेर आणलंत. "माझं आंधळेपण तुला इकायला दिलंय काय रं?" घरी येऊन कांदा चिरलात, खोबरं भाजलंत, तांबडा रस्सा केलात, पण दिवसभर माझ्याशी बोलला नाहीत.

आणि पुढं मी तेच विकलं. कॉम्प्युटर शिकून राजारामपुरीत वेबसाइट करणाऱ्या एका ऑफिसात लागलो. नेटवर व्हिडिओ टाकायचं तेव्हा नवीन होतं. साहेब म्हणाले, "वडिलांवर कर की काहीतरी. बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे." ऑफिसचा कॅमेरा घेऊन मी स्वयंपाकघरात आलो. तुम्ही मसाला परतत होता, हात झपाझप चालले होते. ते बघून कुणाच्या डोळ्यांत पाणी येणार? मी म्हणालो, "आप्पा, जरा हळू. भिंत धरून या. डबा सापडत नाही असं करा."

"माझ्या घरात मी कशाला चाचपडू?"

"बघणाऱ्यांना कळायला पाहिजे की."

"काय कळायला पाहिजे? मला दिसत न्हाय ते, का मला येत न्हाय ते?"

"माझ्या नोकरीचं काम आहे," एवढंच म्हणालो. मग तुम्ही हात पुसलेत, भिंत धरलीत आणि मुद्दाम चुकीचे डबे उघडत गेलात. मी सांगितलं होतं त्याहून सरस केलंत. शेवटी म्हणालात, "झालं का नाटक? मसाला करपला तुझ्यापायी." ते मी कापलं आणि वर रडकी बासरी घातली. कचेरीत टेलिफोन ऑपरेटर म्हणून तुमची सगळी नोकरी झाली, फोनवर निम्मा जिल्हा तुम्हाला आवाजावरून ओळखायचा, आणि त्या व्हिडिओत तुमचा एक शब्द नाही. खाली लोकांनी लिहिलं, बिचारे, सलाम. साहेबांनी पाठ थोपटली. मीही फुगलो, हे सांगायला आज लाज वाटते.

बघता बघता व्हिडिओ ब्लूटूथवरून गल्लीतल्या मोबाइलांत पोचला. पुढच्या रविवारी तुम्ही एकटेच मटणाला गेलात आणि लवकर परत आलात. पिशवी कट्ट्यावर ठेवलीत. "लै झाक मटन दिलं त्यानं. रांगेतनं पुढं घेतलं. कुणीतरी हात धरून पायरी उतरवली." मी पिशवी रिकामी करायला घेतली. मग तुम्ही म्हणालात, "भांडला न्हाय रं."

त्या दिवशी रस्सा आईनं केला. नंतर शेवटपर्यंत तुम्ही त्या दुकानाची पायरी चढला नाहीत. मटण मीच आणायचो. तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत. कान धरला असता तर बरं झालं असतं, आप्पा.

तो व्हिडिओ अजून नेटवर आहे. बायको म्हणते, काढून टाका की. मी सांगतो, पासवर्ड हरवला. हरवलेला नाही. तुमचं हलतंचालतं दुसरं काहीच माझ्याकडे नाही. बासरी बंद करून बघतो. शेवटी तुम्ही माझ्याकडे तोंड वळवता, ओठ उघडता आणि तिथंच संपतं.

तुम्हाला आलेली सगळी पत्रं मीच वाचून दाखवायचो. हे पत्रही मीच वाचून दाखवलं असतं, आणि पासवर्डची ओळ गाळली असती.