प्रश्नपेटीची किल्ली

मी, मोतीराम शिमोन साळवे, वय ४९, धंदा सुतारकाम, धर्म ख्रिस्ती, राहणार इंदिरानगर, नाशिक, मूळ गाव तालुका दिंडोरी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके फिरले आहे असे माझे मेहुणे खंडेराव, जे आमच्या चर्चच्या मंडळीचे सेक्रेटरीही आहेत, यांनी चार ठिकाणी सांगितल्यामुळे, मी शुद्धीवर आहे हे आधी दाखवणे भाग आहे. त्यासाठी शनिवार, दि. २ ऑगस्ट २०२५ रोजी सकाळी मी काय केले ते लिहितो.

त्या सकाळी मी टेप आणि पेन्सिल घेऊन चर्चमध्ये गेलो. तिथे दाराशेजारी प्रश्नपेटी लावलेली आहे. ती मीच केली, सागाची, तीन वर्षांपूर्वी. लॉकडाऊननंतर तरुण मुले उपासनेला येईनाशी झाली, तेव्हा कमिटीने ठरवले की त्यांनी आपल्या शंका नाव न घालता चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकाव्यात, दर महिन्याला पेटी उघडून उत्तरे दिली जातील. किल्ली माझ्याकडे सोपवली. तीन वर्षांत ती कोणी मागितली नाही. शेवटी पेटी इतकी भरली की चिठ्ठ्या फटीतून बाहेर आल्या. त्यावर कमिटीने एकमताने ठराव केला: मोठी पेटी करून घ्यावी. हात वर करणाऱ्यांत मीही होतो.

आतली खोली मोजायची म्हणून मी कुलूप काढले आणि चिठ्ठ्या बाकावर ओतल्या. वाचायच्या नव्हत्या. वाचल्या. एकाने विचारले होते, प्रार्थना सुरू झाली की मोठ्या माणसांचे आवाज का बदलतात? दुसऱ्याने लिहिले होते, "मी प्रार्थना करतो तेव्हा पलीकडे कोणी नाही असं वाटतं. हे फक्त मलाच वाटतं का?" हा प्रश्न मला वीस वर्षे अधूनमधून पडत आला आहे आणि मी पहिल्या बाकावर बसतो. सर्वांत खाली एका पॅथॉलॉजी लॅबची पावती होती. तिच्या पाठीवर ओळखीचे अक्षर: "आई गेली तेव्हा पप्पा सगळ्यांना सांगत होते, देवाची इच्छा. पप्पांना कोणी सांगितलं?"

त्या लॅबमध्ये माझी मुलगी हर्षाली काम करते. माझी पत्नी मार्था २०२१ च्या मे महिन्यात कोरोनाने प्रभूमध्ये झोपी गेली, तेव्हा हर्षाली वीस वर्षांची होती. पुढच्या वर्षी, पेटी लागल्यावर थोड्याच दिवसांत, तिने चर्चला येणे सोडले. मी तिला आळशी म्हणत होतो.

मी ती पावती चष्म्याच्या घरात ठेवली, बाकीच्या चिठ्ठ्या पिशवीत भरल्या आणि घरी आलो. डोके फिरले म्हणतात ते एवढ्यावरून. सप्टेंबरात मला दोन स्टेंट बसवले, म्हणून आता लिहून ठेवतो. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. तो मुख्यतः हृदयाविषयी आहे.

कलम १. इंदिरानगरचे दोन खोल्यांचे घर आणि बँकेत जे असेल ते माझी एकुलती मुलगी हर्षाली हिला. तिचे लग्न झाल्यावर घर परक्याकडे जाईल ही चिंता खंडेरावांनी वाहू नये. त्यांच्याकडे वाहायला पुष्कळ आहे, विशेषतः स्वतःचा मोठेपणा.

कलम २. दिंडोरी रोडवरची माझ्या सुतारकामाची पत्र्याची शेड व तिच्याखालची माझ्या कमाईची जागा मी मंडळीला देणार असे तोंडी बोललो होतो. तिथे मार्थाच्या नावाने हॉल व्हायचा होता. खंडेरावांनी कोनशिलेचा नमुनाही करून आणला. त्यात मार्थाचे नाव होते, आणि त्याच्या दुप्पट मोठ्या अक्षरांत उद्घाटक म्हणून त्यांचे. तो शब्द मी मागे घेत आहे.

ऑगस्टमध्ये मी मंडळीतल्या तरुण मुलांना निरोप पाठवला की ज्याने त्याने शेडवर येऊन आपली चिठ्ठी घेऊन जावी. घेऊन जायला आलेली मुले फळ्यांवर बसली आणि त्या प्रश्नांवरून भांडू लागली. पुढच्या रविवारी परत आली. आता बायबलातले मार्काचे शुभवर्तमान पहिल्या ओळीपासून वाचतात, प्रत्येक ओळीवर अडतात. हर्षल नावाचा मुलगा, इंजिनिअर, पूर्वी देव नाहीच असे सांगत हिंडायचा. तो एकदा म्हणाला, "काका, शंका घेणाऱ्या थोमाला येशू चिठ्ठी टाक नाही म्हणाला. घाल जखमेत बोट, म्हणाला सरळ." त्या दिवशी प्रार्थना त्यानेच केली, साध्या आवाजात, मध्ये दोनदा अडखळून. मी चहा करतो आणि गप्प बसतो. इतकी खरी उपासना मी बऱ्याच वर्षांत ऐकली नव्हती.

हे कळल्यावर खंडेराव शेडवर आले.

"दाजी, पेटी मंडळीची. चिठ्ठ्या पण मंडळीच्या."

"मग उत्तरं पण मंडळीचीच असतील. कुठे ठेवलीत अण्णा?"

"अशाने पोरं बिघडतात."

"तीन वर्षं कुलूप होतं. किती सुधारली?"

ते पाळकसाहेबांकडे गेले. पाळकसाहेबांची एप्रिलात बदली आहे, ते काही बोलले नाहीत.

सबब, शेड हर्षालीला. रविवारी दुपारी ती या मुलांना उघडून द्यावी अशी माझी इच्छा आहे, अट नाही. अटी घालून भक्ती करवून घेणारे मी फार पाहिले.

कलम ३. माझा रंधा, करवती आणि पटाश्या हर्षलला. त्याला खिळा सरळ ठोकता येत नाही. शिकेल.

कलम ४. कमिटीने सांगितलेली मोठी पेटी मी केली आहे. दुप्पट खोल, पितळी कडी, उत्तम पॉलिश. ती खंडेरावांना. तिला फट ठेवलेली नाही. काही आत जाणार नाही, त्यामुळे काही उघडावेही लागणार नाही. त्यांना अशीच हवी होती, मापे सांगायला तेवढे लाजले.

कलम ५. माझी शवपेटी साध्या प्लायवूडची असावी. गेली पंचवीस वर्षे मंडळीतल्या माणसांच्या मी केल्या. सागाचा हट्ट नेहमी जिवंत नातेवाइकांचा असतो. दफनाच्या वेळी खंडेरावांनी भाषण करू नये. माझ्या कबरेवर कोणीही 'देवाची इच्छा' म्हणू नये. म्हणालाच, तर त्याला कोणी सांगितले ते तिथेच विचारावे.

कलम ६. ~~माझी मुलगी हर्षाली हिच्या चिठ्ठीचे उत्तर वेगळ्या पाकिटात बंद करून ठेवले आहे. ते तिने माझ्या पश्चात उघडून~~

हे कलम खोडण्याचे कारण असे. रविवारी शेजारचे पॉलिशवाले इमरान यांना साक्षीदार व्हा म्हणून मसुदा वाचायला दिला. हर्षाली महिनाभरापासून शेडवर येते, मागच्या फळीवर बसते, काही विचारत नाही, हे त्यांना माहीत होते. कलम सहावर ते थांबले.

"मोतीरामभाऊ, पोरीने उलट विचारलं तर?"

"मी नसेन तेव्हा."

"तेच म्हणतो. तीन महिने त्या अण्णाला शिव्या देताय पेटी बंद ठेवली म्हणून. तुमच्या पाकिटात काय वेगळं आहे?"

मला राग आला. दोन दिवस टिकला, कारण ते बरोबर होते.

काल, मंगळवारी सकाळी, हर्षाली डबा भरत होती. मी पावती ओट्यावर ठेवली. म्हणालो, "मला कोणी सांगितलं नव्हतं. लोक उभे होते, मी घाबरलो होतो, काहीतरी बोलायचं म्हणून बोललो. तू ऐकत होतीस हे लक्षात आलं नाही."

तिने डब्याचे झाकण लावले, काढले, परत लावले.

"मग आता काय वाटतं पप्पा? का गेली?"

"माहीत नाही. रोज सकाळी उठून देवाला विचारतो."

"काय म्हणतो?"

"अजून काही नाही."

"तरी विचारता?"

"तरी विचारतो."

तिने पावती पर्समध्ये टाकली. दारातून म्हणाली, "उद्या मला पण उठवा. मला भांडायचंय त्याच्याशी."

आज सकाळी साडेपाचला उठवले. कलम ६ अंमलात आले असल्याने रद्द. खोडलेल्या जागी माझी सही आहे.

ठिकाण: नाशिक
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५, बुधवार

(सही) मोतीराम शिमोन साळवे

साक्षीदार. दोघांनाही या पत्रान्वये काहीही मिळणार नाही, आणि दोघांनी ते हसून मान्य केले:
१. (सही) इमरान हारुन शेख, पॉलिशकाम, दिंडोरी रोड
२. (सही) नवसाबाई मंगळू गांगुर्डे, शेडसमोर भाजीविक्री