दहाच्या दहा चूक

ता. ४, सोमवार

शाळेला सुट्टी लागली आणि बाईंची चिठ्ठी घरात आली. थोरल्या नातीला, ठमीला, वाचता येत नाही म्हणे. तिसरी संपली तरी! सोळा तारखेला शाळा उघडली की मोठ्या बाई स्वतः वाचून घेणार. जमलं तर चौथी. नाही तर पुन्हा तिसरी — म्हणजे धाकट्या टाचणीच्या बाकावर, तिच्याच वर्गात!

सून दिवसभर इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी पिळते. घरी आली, चिठ्ठी वाचली, मटकन खाली बसली. "आई, माझा जन्म चादरीत गेला, आता हिचाही जाणार." मी म्हटलं, रडायला नंतर बस. बारा दिवस आहेत.

चिठ्ठीबरोबर एक कागद आहे. सुट्टीत हसतखेळत शिका! चित्रातली पोरं सगळे दात दाखवून हसतायत. आमच्याकडे असं कुणी हसत नाही.

ता. ५, मंगळवार

बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून दहा चिठ्ठ्या केल्या. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण लागतं. सतरंजीवर बारा वस्तू मांडल्या — कात्री, कुलूप, चमचा, साबण, फणी, हाताला लागेल ते. चिठ्ठी वाचायची, ती वस्तू उचलून आणायची. टाचणी भराभर आणते. ठमीने 'कात्री' बघून साबण आणला. 'कुलूप' बघून चमचा. टाचणी ओरडतेय, "ताई, ते नाही गं!"

दहा चिठ्ठ्या, दहा चुका. 

ता. ७, गुरुवार

खेळ बदलला. दारापुढे खडूने चौकोन आखले, प्रत्येकात एक अक्षर. मी अक्षर म्हणणार, पोरींनी त्यावर उडी मारायची. ठमी दर वेळी भलत्याच चौकोनात. दोरीवरच्या शंभर उड्या न अडखळता मारते ही!

मी पाठीत एक धपाटा घातला. रडली नाही. नुसती बघत राहिली. ते बघणं मला आवडलं नाही.

ता. ८, शुक्रवार

पुन्हा चिठ्ठ्या. पुन्हा दहाच्या दहा चूक. 

ता. १०, रविवार

सून घरी. भांडण.

"तुमचे खेळ पुरे झाले, आई. पोरीला मारलंत?" — टाचणीने चहाडी केली.

"मारलं. तुझ्या नवऱ्यालाही मारायचे. आज बोटीवर इंजिन सांभाळतो."

"सांभाळतो ना? मग घरी दोन ओळी का लिहीत नाही?"

माघार घेऊन मी ताटं मांडली. असं वर्षातून एकदा होतं.

शेवटी म्हणाली, "मी थकले. बसू दे तिला धाकटीबरोबर." ठमी निवांत जेवत होती. निगरगट्ट!

ता. ११, सोमवार

शेजारच्या शिंपिणीकडून काज-बटणाचे सदरे आले, बरोबर तिची तीन वर्षांची पोरगी आली. तिलाही चिठ्ठ्या हव्यात! दिल्या. ती चिठ्ठी उलटी धरते, मनाला येईल ते उचलते. तरी नवव्या चिठ्ठीला बरोबर फणी आणली. चुकून.

दुपारी काज करताना सुई हातातच राहिली. ह्या पोरीला अक्षराचा गंध नाही, तरी एकदा लागलं. आमच्या ठमीच्या वीस चिठ्ठ्या झाल्या, वर चौकोनातल्या उड्या. चुकूनही एक बरोबर नाही! दर वेळी चुकायचं तर बरोबर काय ते आधी ठाऊक पाहिजे.

सुनेला काही बोलले नाही. आधी खात्री.

ता. १२, मंगळवार

टाचणीला दुकानात पिटाळलं. नवी चिठ्ठी लिहिली — 'तुझ्या डाव्या पायाजवळ पाल आहे.' तोंडातून अवाक्षर नाही. ठमीच्या हातात दिली.

पोरगी एका उडीत खुर्चीवर!

मग तिच्या लक्षात आलं. तोंड पांढरं पडलं.

"उतर. पाल नाही. किती दिवस येतंय वाचता?"

"पहिलीपासून."

"मग हे सोंग कशाला?"

"आईला सांगू नकोस," एवढंच. रागावून विचारलं. गोडीने विचारलं — गोडी मला जमत नाही, तरी. पोरगी फुटली नाही.

ता. १३, बुधवार

ठमी दिवसभर टाचणीच्या मागे-मागे. मी ठमीच्या मागे-मागे. सून आमच्या दोघींच्या तोंडाकडे बघतेय.

ता. १४, गुरुवार

बोलली. भांडी विसळताना, माझ्याकडे पाठ करून. "टाचणीच्या वर्गात चार पोरी आहेत, आजी. मधल्या सुट्टीत तिला संडासात कोंडतात, बाहेरून कडी लावतात. रोज. तिने बाईंना सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी घंटा झाली तरी उघडलं नाही. मी जाऊन कडी काढली. पण आमची सुट्टी वेगळ्या वेळेला होते, मला दर वेळी सोडत नाहीत. एकच वर्ष बसते ना मी तिच्या वर्गात."

परवा ठमी मोठ्या बाईंसमोर घडाघडा वाचणार आणि चौथीत जाणार. टाचणीच्या वर्गात मागच्या बाकावर मी बसणार. कुणी उठवून दाखवावं!