तिसऱ्या बेसवरून हेस्टरताईस

बेलमोर फॉल्स, आयोवा
गुरुवार, दुपारच्या जेवणानंतर

तीर्थरूप हेस्टरताईस,

तुझ्या धाकट्या (म्हणजे आता अडुसष्ट वर्षांच्या) ऑरिनचा नमस्कार. तुझा गुडघा, तुझी मांजर आणि तुझे टोमॅटो ही तिन्ही सुखरूप असतील अशी आशा करतो. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढल्यापासून तुला शेजारणीच्या घरातली धूळसुद्धा दिसू लागली आहे, असं तुझ्या लेकीनं फोनवर सांगितलं. ऐकून फार आनंद झाला. (शेजारणीला झाला नसावा.) माझी प्रकृती उत्तम आहे. अगदी उत्तम आहे. कुणी काही वेगळं कळवलं असेल तर लक्ष देऊ नकोस.

परवा संघाच्या बसमधून येताना दोन्ही बाजूंना मक्याची शेतं लागली आणि तुझा वर्ग आठवला. तू एकोणीस वर्षांची, हातात पट्टी, आणि मी फळ्यापाशी उभा राहून पाणचक्कीच्या कवितेची तेरा कडवी म्हणतोय. सख्खा भाऊ असून तू मला एक कडवं कमी केलं नाहीस. ती कविता मला अजून येते. बेसबॉलच्या धाकट्या लीगमध्ये अकरा वर्षं चेंडू फटकावले तेव्हा बसमध्ये तीच म्हणायचो. मोठ्या लीगमधून एकदाच बोलावणं आलं, तीन दिवस त्यांच्या मऊ बाकावर बसलो आणि चौथ्या दिवशी परत आलो, तेव्हाही तीच. मग प्रशिक्षक झालो. बत्तीस वर्षं तिसऱ्या बेसशेजारी, चुन्याच्या चौकटीत उभा आहे. धावत येणाऱ्याला थांबवायचं की पुढे धाडायचं, हे माझ्या हातावर असतं. शेवटच्या बेसला आम्ही घर म्हणतो. बत्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या मुलांना घरी पाठवतोय, यात कुणाला कविता दिसत नाही हेच नवल.

तर मुख्य मुद्दा. (मुद्दा काही नाही, सहज लिहितोय.) आमच्याकडे रीत अशी, की मॅनेजरनं समोरच्या बाकावरून नाकाला, कानाला, पट्ट्याला हात लावायचा, मी ती खूण वाचायची आणि माझ्या टोपीला, कोपराला हात लावून खेळाडूंना कळवायची. आमचे नवे मॅनेजर व्हँडरवाल तेहतीस वर्षांचे आहेत आणि खुणा फार बारीक करतात. गेल्या आठवड्यात त्यांनी कान, नाक, पुन्हा कान आणि पट्टा असा धडाका लावला. मी तत्परतेनं पहिल्या बेसवरच्या लोनी पिकेटला कळवलं : चोरून पळ, फटक्याची वाट न बघता पुढचा बेस गाठ! लोनी आमचा कॅचर, घरच्या बेसमागे बसून चेंडू झेलणारा. मनानं हरीण, देहानं धान्याचं कोठार. तो पळतोय हे पाहून चेंडू टाकणाऱ्या समोरच्या पिचरच्या हातून चेंडूच पडला आणि लोनी सुखरूप पोचला. मागाहून कळलं की व्हँडरवाल खुणा करत नव्हते, गांधीलमाशी हाकलत होते. दुसऱ्या दिवशी गावच्या वर्तमानपत्रानं ‘मॅनेजरचा धाडसी डाव’ असं छापलं, त्यामुळे त्यांनाही बोलता येईना आणि मलाही. पण त्या दिवसापासून ते माझ्याकडे, तू चुकलेल्या बेरजेकडे बघायचीस, तसं बघतात.

मंगळवारी मात्र फार वाईट झालं. मोठ्या लीगचा माणूस वही घेऊन खास लोनीला बघायला आला होता. लोनी एकोणतीसचा आहे, ताई. यंदा बोलावणं आलं नाही तर तो सासऱ्याच्या लाकडाच्या वखारीत जाणार. तो दुसऱ्या बेसवर असताना फटका डाव्या कोपऱ्यात गेला. (तिकडे हल्ली मला जरा धुकं असतं. भर उन्हातही असतं.) एकदम गर्जना झाली. मला वाटलं, समोरच्या संघाच्या माणसाच्या हातून चेंडू सुटला, म्हणून मी ‘पळ घरी’ असा पवनचक्कीसारखा हात फिरवला. खरं म्हणजे मक्याच्या कणसाचा वेष घालून नाचणारा आमचा विदूषक कुंपणावरून पडला होता. लोनी घरी पोचला तेव्हा त्यांचा कॅचर हातात चेंडू घेऊन, स्टेशनवर पाहुण्याला घ्यायला आल्यासारखा उभा होता. लोनी बाद झाला, सामना गेला. वहीवाल्यानं वही मिटली.

मी लोनीची माफी मागायला गेलो, तर उलट त्यानंच माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाला, “सोडा हो मास्तर! तुम्हाला काहीतरी दिसलं असणारच. तुम्ही हात फिरवलात की मी डोळे मिटून पळतो.”

व्हँडरवाल मागेच उभे होते. ते एवढंच म्हणाले, “ऑरिनकाका, पुढच्या शनिवारी संघाच्या डॉक्टरांकडून डोळे तपासून घ्या. त्यानंतर तिसऱ्या बेसचं बघू.” काका म्हणाले, ताई! एरवी नुसतं ऑरिन म्हणतात. तेव्हापासून जेवण जात नाही.

बाकी सर्व ठीक. मांजरीला गोंजार.

तुझा,
ऑरिन

ता. क. : तुझ्या वर्गाच्या दारामागे डोळे तपासायचा तक्ता होता, तो तू निवृत्त होताना घरी आणलास. (उचललास असं मी कधीच म्हटलं नाही.) डॉक्टरांकडे अगदी तसाच आहे. वरचं एक भलंमोठं अक्षर मला दिसतं, पुढे मुंग्यांची रांग. तेवढी अक्षरं ओळीनं लिहून धाड. तेरा कडवी पाठ करणाऱ्याला अकरा ओळी किती?

दुसरा ता. क. : मोठ्या अक्षरांत लिही. तुझं मागचं पत्र लोनीनं वाचून दाखवलं. ‘बावळट’ हा शब्द तू दोनदाच लिहिला होतास ना? त्यानं पाचदा वाचला.

तिसरा ता. क. : पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा उघडलं. तो डोळे मिटून पळतो, ताई. आम्हा दोघांपैकी एकाचे तरी उघडे हवेत. अक्षरं पाठवू नकोस. तुझे मोतीबिंदू काढणाऱ्या डॉक्टरांचं नाव कळव, आणि दुखतं का तेही कळव (खरं सांग). व्हँडरवालांना उद्या मी स्वतःच सांगतो. माझे काढतील त्या दिवशी तू येशील का? येताना तक्ता आण. डोळ्यांवरची पट्टी सुटली की पूर्वीसारखी उभी राहून एकेका अक्षरावर बोट ठेव. आणि एकही चुकलं, तर मला चौकटीत परत जाऊ देऊ नकोस.