वजन उतरल्याचा सत्कार

युसूफ वडगाव, मंगळवार संध्याकाळ

शिसारी आलीय. स्वतःचीच जास्त.

मी अठरा किलो उतरवले आणि परत चढू दिले नाहीत. संध्याकाळी अर्धीच भाकरी, सकाळी केजच्या रस्त्यानं चालणं, साखर बंद. सहकारी साखर कारखान्याचा संचालक आणि साखर बंद, म्हणून सगळे हसायचे. ते ठीक. पण आज चेअरमननं कारखान्याच्या चारा छावणीत, त्या हाडं निघालेल्या गुरांपुढं, माझा सत्कार ठेवला. माईकवर म्हणाले, "दोन वर्षं झाली, यांचं वजन परत चढलं नाही. कमी खाऊन कसं राहावं, ते यांच्याकडून शिका!" आणि गळ्यात हार.

समोर काशीबाई बसलेली. दरसाल ऊसतोडीला जाणारी. दोन वर्षांच्या दुष्काळानं यंदा ऊसच नाही, म्हणून गावातच. ती उठली. हात वर केला तशा बांगड्या पार कोपरापर्यंत घसरल्या.

"मालक, वजन तर आमचंबी उतरलंय. दोन साल झाले, परत चढलं न्हाई. मग आमाला कावून हार न्हाई?"

लोक हसले. चेअरमन हसले. मीही हसलो. कशाला हसलो? ती हसत नव्हती, हे मला दिसत होतं की. त्या बांगड्याही दिसत होत्या. निदान हार तरी काढून ठेवायचा! फोटो निघेपर्यंत तसाच उभा राहिलो.

घरी आलो. सवयीनं वजनकाट्यावर चढलो. अर्धा किलो कमी भरलं, आणि मला बरं वाटलं.