घर नंबर चारचा कारागीर

३ मार्च, सोमवार. सकाळी ९.
बोर्ड लागला! निळ्या अक्षरांत: घर नंबर चार, वेताच्या टोपल्या. खाली माझं पूर्ण नाव, बाजूला फोटो. फोटोत माझ्या हातात टोपली आहे. टोपली ताईची. तशी घरातली प्रत्येक टोपली ताईचीच, पण बोर्डावर एवढं सगळं कुठे मावणार?

एक मुद्दा नोंदवून ठेवतो, उगीच मनात राहायला नको. पर्यटन समितीच्या मॅडम सर्व्हेला आल्या तेव्हा ताई मागच्या अंगणात वेत भिजत घालत होती. मॅडमनी विचारलं, घरात टोपल्या कोण करतं? मी म्हणालो, आम्ही. फॉर्मवर नावाला रकाना एकच. पेन माझ्या हातात. आता एका रकान्यात दोन माणसं कोंबायची कशी? माझी चूक शून्य.

ताईनं बोर्ड बघितला. बरा आलाय रे फोटो, म्हणाली, आणि कामाला लागली. तिला नावाची हौस नाहीच मुळी.

संकल्प: महिनाभरात टोपली विणायला शिकणे. अवघड नसावं. ताई बोलता बोलता करते.

४ मार्च. संध्याकाळी ६.
पहिला ग्रुप आला. सात पाहुणे. आमच्या गल्लीत आता असंच चालणार: आधी समोरच्या न्हाव्याची जुनी खुर्ची, मग कोपऱ्यावरची शिंपीणबाई, मग आम्ही. पाहुण्यांनी काम बघायचं, हात लावून पाहायचं, आवडलं तर विकत घ्यायचं. गल्लीला चार पैसे मिळतात, पाहुण्यांना फोटो मिळतात.

माझी पद्धत बिनतोड आहे. ताई सकाळी लवकर उठून टोपली काठापर्यंत आणून ठेवते. शेवटची काडी मी सगळ्यांसमोर आत खोचतो. मग टोपली वर धरतो. टाळ्या. मध्ये वीस मिनिटं भाषण. वेताशी बोलावं लागतं, हे वाक्य फार चाललं. दोघांनी लिहून घेतलं.

एकानं विचारलं, या बाई कोण? ताई पाण्याचा ट्रे घेऊन दारात उभी होती. मी म्हणालो, बहीण, मदत करते थोडीफार. ताईनं ऐकलं. ट्रे ठेवला आणि आत गेली.

दुपारी जेवण गेलं नाही. ऊन फार होतं.

९ मार्च, रविवार.
दार लावून दीड तास प्रॅक्टिस. बूड तयार झालं. म्हणजे आपण बूड म्हणायचं म्हणून बूड. ताईनं दार ढकलून विचारलं, हे काय रे धाकट्या? मी म्हणालो, नवीन डिझाइन. बरं बरं, म्हणाली, आणि काड्या एकेक सोडवून पुन्हा पाण्यात टाकल्या. माल वाया गेला नाही हे महत्त्वाचं.

उद्यापासून रोज एक तास.

१० मार्च.
कंबर धरली आहे. उद्यापासून.

११ मार्च.
उद्यापासून.

१४ मार्च, शुक्रवार. दुपारी ४.
शांतपणे लिहितो.

आजच्या ग्रुपमध्ये एक पांढऱ्या केसांची पाहुणी होती. बाकीचे माझं भाषण ऐकत होते, ही बाई टोपल्या उलट्या करकरून बघत होती. तिनं स्वतः चाळीस वर्षं विणकाम शिकवलंय, हे आधी सांगायची काही पद्धत? शेवटी म्हणाली, गंमत आहे, या सगळ्या टोपल्या डावखुऱ्या माणसानं विणल्यात. वीण उलट्या दिशेनं जाते.

मी त्या वेळी वहीत पाहुण्यांची नावं लिहीत होतो. उजव्या हातानं.

म्हणालो, हो तर! लिहायला उजवा, कामाला डावा. जन्मापासून.

बाई हसली. मॅडमही सोबत होत्या, त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की २९ तारखेला गल्लीतली कार्यशाळा सुरू होईल आणि मुख्य शिक्षक मी असेन. गल्लीतल्याच दहा शिकाऊंसमोर मी पहिल्या काडीपासून टोपली विणून दाखवायची. पाहुणी म्हणाली, मी मुद्दाम येईन. ये बाई. नको येऊस बाई.

डावखुरी ताई आहे. लहानपणी डाव्या हातानं पाटीवर लिहिलं म्हणून बाबांनी तिच्या बोटांवर पट्टी मारलेली मी पाहिली आहे. लिहायला तिनं उजवा हात धरला. वेत मात्र डाव्यानंच विणत राहिली, आणि त्याच्यावर माझं कॉलेज झालं. हे मी विसरलो असं नाही. नेमकं त्या क्षणी तोंडातून दुसरंच निघून गेलं.

१५ मार्च.
आजपासून डावखुरा होणे. पंधरा दिवस आहेत, माणसं तेवढ्यात पोहायला शिकतात.

डाव्या हातानं दात घासले. पेस्ट नाकात. डाव्या हातानं जेवलो, आमटी शर्टावर. ताईनं विचारलं, उजव्या हाताला काय झालं? मी म्हणालो, विश्रांती देतोय. तिनं मला चमचा आणून दिला.

१७ मार्च.
डाव्या हातानं कुलूप उघडत होतो. चार-पाच मिनिटं गेली असतील. समोरचा न्हावी खुर्चीवरून उठून आला, किल्ली घेतली, कुलूप उघडलं, किल्ली परत माझ्या डाव्याच हातात ठेवली आणि हसत गेला. हा माणूस उगाच हसतो. धंदा कसा करतो देव जाणे.

२० मार्च, गुरुवार.
ठरवलं! मॅडमना खरं सांगून टाकायचं. असं जगणं नको. आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून समितीच्या ऑफिसात गेलो. मॅडम म्हणाल्या, बरं झालं आलात, हे बघा. माझं प्रमाणपत्र छापून आलं होतं. मुख्य शिक्षक. जाड कागद, सोनेरी कड. अक्षर न् अक्षर बरोबर.

असल्या वेळी काय बोलणार? त्यांचा छपाईचा खर्च वाया गेला असता. ब्रोशरचा गठ्ठा घेऊन परत आलो. बोर्डाखालून येताना वर बघितलं नाही.

२३ मार्च, रविवार.
ताईनं आज सरळ विचारलं, २९ला जमेल ना रे? मी म्हणालो, काळजी करू नकोस. ती म्हणाली, बस इथे, हात दे. शेजारी बसली. माझे हात तिच्या हातांत धरून काडी वरून, काडी खालून, असं दाखवायला लागली. तिची बोटं लाकडासारखी कडक झाली आहेत. अंगठ्याला चीर होती आणि ती वेताच्या पाण्यानं पांढरी पडली होती. इतकी वर्षं एका घरात राहून मी ती बोटं बघितलीच नव्हती.

आणि मी काय केलं? खेकसलो. म्हणालो, मला कळतं, मी काय कुक्कुलं बाळ आहे? सर जरा.

ती सरली. बादली उचलून मागे गेली.

लाज वाटते लिहायला. उद्या माफी मागतो.

२४ मार्च.
मागितली नाही. ती नेहमीसारखीच वागली, मग विषय कसा काढणार?

२८ मार्च, शुक्रवार. दुपारी.
सुचलं! इतकं सोपं होतं आणि मी पंधरा दिवस पेस्ट नाकात घालत बसलो. हाताला लागलं म्हणायचं. जखमी माणसाला कोण विणायला लावतं? खुर्चीवर बसून भाषण करायचं, बस्स. बँडेज आणलं. चांगल्यापैकी रुंद.

२९ मार्च, शनिवार. सकाळी ८.
बँडेज बांधलं. एकट्यानं बांधलं तरी झकास बसलं. चेहऱ्यावर वेदना आणायची प्रॅक्टिस केली. टेन्शन अजिबात नाही.

२९ मार्च. संध्याकाळी ५.
जसं झालं तसं लिहितो.

हॉल भरला होता. सगळी गल्ली आली होती. दहा शिकाऊ पुढे चटईवर, पांढऱ्या केसांची पाहुणी पहिल्या खुर्चीवर. मी हात गळ्यात अडकवून उभा राहिलो आणि म्हणालो, काल दुर्दैवानं हाताला लागलं, तरी आज फक्त बोलेन.

पाहुणी म्हणाली, अरेरे! पण बरं झालं, लागलं ते उजव्याला. तुमचा कामाचा हात मोकळा आहे.

मी खाली बघितलं. उजव्याला बांधलं होतं. कुठलाही उजवा माणूस उजव्या हातानं डाव्यालाच बांधेल. मी डाव्यानं उजव्याला बांधलं. मी पंधरा दिवस डावखुरा झालो होतो ना, एवढीच त्या प्रॅक्टिसची कमाई.

खाली बसलो. डाव्या हातात काड्या घेतल्या. पहिली निसटली. दुसरी शिंपीणबाईच्या पायाशी जाऊन पडली. तिनं ती उचलून परत माझ्या पुढ्यात ठेवली. घाम डोळ्यांत गेला. धरणीनं पोटात घ्यावं असं आजवर फक्त म्हणत होतो.

तेवढ्यात ताई उठली. पदर खोचून माझ्या शेजारी येऊन बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली की याचा हात दुखतोय, मी करते, यानंच शिकवलंय मला.

माझ्या हातातल्या काड्या तिनं घेतल्या. डाव्या हातानं. बूड झालं, बाजू उभ्या राहिल्या, काठ आला. मध्येमध्ये माझ्याकडे बघून विचारायची, बरोबर आहे ना रे? आणि मी मान हलवायचो. मी मान हलवली. चार-पाच वेळा हलवली.

पाहुणीनं तिला विचारलं, किती दिवस झाले शिकताय? ताई म्हणाली, महिना झाला असेल.

महिन्यात असा हात बसवणारा गुरू, असं म्हणून मॅडमनी प्रमाणपत्र मला दिलं. सगळी गल्ली टाळ्या वाजवत होती. मी ते घेतलं. दोन्ही हातांनी घेतलं, दुखऱ्यासकट.

मेल्याहून मेल्यासारखं झालं आहे.

३० मार्च.
भिंतीकडे तोंड करून पडून होतो. ताईनं दोनदा चहा आणून ठेवला. दोन्ही वेळा गार झाला.

३१ मार्च, सोमवार. दुपारी १.
मॅडमकडे गेलो. बसा म्हणायच्या आत सगळं बोलून टाकलं. टोपल्या ताईच्या, बँडेज खोटं, मला विणता येत नाही, बोर्ड उतरवा. प्रमाणपत्र टेबलावर ठेवलं.

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या की आम्हाला ठाऊक आहे हो. पहिल्यापासून.

सर्व्हेच्या दुसऱ्याच दिवशी ताई त्यांच्याकडे गेली होती. फॉर्म दुरुस्त करायला आली असेल असं मॅडमना वाटलं. ती सांगायला आली होती की नाव त्याचंच राहू द्या. नोकरी गेल्यापासून तो सकाळी उठत नाही, दाढी करत नाही. पाहुणे येणार म्हटल्यावर काल पहिल्यांदा स्वतःहून आरशासमोर उभा राहिला.

मी विचारलं, आणखी कोणाला माहीत आहे? मॅडम म्हणाल्या, गल्लीला. ताईंनी घरोघरी जाऊन सांगितलंय, त्याला काही बोलू नका म्हणून. त्या पाहुण्या बाईंनी वीण ओळखली त्याच दिवशी मी त्यांनाही सांगितलं होतं. आणि कार्यशाळेत तुम्ही अडलात तर ताई पुढे येणार, हेही आधीच ठरलं होतं.

म्हणजे शनिवारच्या त्या हॉलमध्ये एकच माणूस फसला होता. टाळ्या वाजवणारे सगळे ताईचा शब्द पाळत होते.

बोर्डाचं विचारलं तर म्हणाल्या, ताई सांगतील तसं.

३१ मार्च. दुपारी ३.
घरी आलो. ताई काड्या सोलत होती. म्हणालो, ताई, चुकलं माझं. फार चुकलं. तिनं वर न बघता विचारलं, मॅडम बोलल्या वाटतं? मी हो म्हणालो. ती म्हणाली, पोटात काही राहत नाही त्या बाईच्या. मग म्हणाली, उद्या अकराला ग्रुप आहे, त्याआधी दाढी करून घे, दोन दिवसांची वाढलीये.

मी तिथेच बसून रडलो. बावन्न वर्षांचा माणूस. तिनं थोडा वेळ रडू दिलं आणि मग म्हणाली, पुरे रे, वेत ओला होतोय.

१ एप्रिल, मंगळवार. दुपारी १२.
दाढी केली. दोन ठिकाणी कापलं.

अकराला नऊ पाहुणे आले. माझ्या खुर्चीवर ताईला बसवलं, ती नको नको म्हणत होती तरी. सांगितलं, ही माझी मोठी बहीण. इथल्या सगळ्या टोपल्या हिनं केल्यात. मी एकही केलेली नाही, बोर्डावर लिहिलंय ते खोटं आहे. भाषण एवढंच. ताईचे कान लाल झाले, पण विणायला लागली आणि मग कोणीच माझ्याकडे बघेना.

निघताना एका पाहुण्यानं सहज विचारलं, आणि आपण काय करता?

मी बराच विचार केला. म्हणालो, मी घरीच असतो.